हाडांची झीज आणि सहामाही इंजेक्शन

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या कार्यकारिणीने या व्याख्यानमालेत एक पुष्प आरोग्यावर ठेवले आणि ते आमच्या वाट्याला दिले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. परंतु गेली काही वर्षे घरातल्या एका दुखण्यामुळे या विषयाच्या मागे लागलो, वाचले, डॉक्टरांना विचारले, आणि जे कळले ते आपल्या समाजातील बायामाणसांपर्यंत पोहोचलेच नाही असे दिसले. म्हणून हे धाडस.

आमच्या शाखेत पेन्शनच्या आणि निराधार योजनेच्या अनुदानाच्या दिवशी म्हाताऱ्या बायकांची रांग लागते. वीस वर्षे आम्ही त्याच काउंटरला बसतो. काउंटरची उंची तीच आहे. पण ज्या बाई पूर्वी काउंटरवर कोपर टेकवून "साहेब, आलं का पैसं?" असे विचारायच्या, त्यांचे आता नुसते कपाळ दिसते. अंगठा घ्यायला आम्हांलाच उठून बाहेर यावे लागते. आपण म्हणतो, म्हातारपण आले, माणूस वाकायचेच. पण माणूस नुसत्या वयाने चार-चार बोटे बुटका होत नाही. पाठीचे मणके आतून पोकळ होतात, चेपतात, आणि प्रत्येक चेपलेला मणका थोडी उंची घेऊन जातो. पुष्कळदा हा मणका मोडला हे त्या बाईला कळतही नाही. कंबर भरली, उसण भरली म्हणून ती शेक घेते, मलम चोळते आणि पुन्हा भाताच्या लावणीला वाकते. या रोगाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपण त्याला हाडांची झीज म्हणू.

येथे एक गल्लत आधी दूर करू. पौर्णिमेला आपण लेण्याद्रीला जातो तेव्हा सुमारे तीनशे पायऱ्या चढताना अनेक आयाबाया मध्येच बसतात, गुडघा धरतात. तो गुडघ्याचा संधिवात. सांध्यातील कूर्चा झिजल्याने तो होतो आणि तो दुखतो. हाडांची झीज मात्र हाड मोडेपर्यंत दुखतच नाही. त्यामुळे गुडघेदुखीच्या गोळ्या घेऊन "आमचा हाडांचा इलाज चालू आहे" असे कोणी समजू नये. दोन्ही दुखणी एकाच बाईला असू शकतात, पण त्यांची औषधे वेगळी.

हाड म्हणजे दगड नव्हे. आमच्या भाषेत सांगायचे तर ते चालू खाते आहे, रोज जमा, रोज नावे. हाडात दोन प्रकारच्या पेशी काम करतात. एक जुने हाड पोखरून काढणाऱ्या, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. दुसऱ्या नवे हाड भरणाऱ्या, त्या ऑस्टिओब्लास्ट. तिशीपर्यंत जमा जास्त असते. पुढे शिल्लक हळूहळू उतरते, आणि बायकांची पाळी गेली की एकदम वेगाने उतरू लागते, कारण पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारे स्त्री-संप्रेरक कमी होते. दम्यासाठी किंवा वातासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेणाऱ्यांची झीज तर पुरुष असो वा स्त्री, तरुणपणीही होते. बाजारात वातावरच्या ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांतल्या काहींत हेच स्टिरॉइड मिसळलेले सापडते. दोन दिवसांत आराम पडतो म्हणून लोक त्या घेतात. त्या आरामाची वसुली हाडांतून होते.

आता आजच्या मुख्य विषयाकडे येतो. गेल्या काही वर्षांत या झिजेवर प्रतिपिंडांची इंजेक्शने आली आहेत. प्रतिपिंड हा शब्द अवघड वाटेल, पण ही वस्तू जुन्नर तालुक्याला नवी नाही. आपल्याकडे शेतात घोणस, फुरसे, नाग, मण्यार चावतो. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांचे सर्पदंशावरील काम आपणांपैकी कित्येकांनी जवळून पाहिले आहे. त्या वेळी सलाईनमधून जी सापाची लस देतात, ती खरे तर लस नव्हे, ती प्रतिपिंडेच आहेत. घोड्याला सापाचे विष थोडे थोडे टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषाला धरून निकामी करणारे पदार्थ रक्तात तयार करते. ते रक्तातून वेगळे काढतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामात जुने आहे. ही घोड्याची प्रतिपिंडे म्हणजे नाना प्रकारांचा मेळा असतो, आणि ती परक्या प्राण्याची असल्याने काहींना त्यांची रिअ‍ॅक्शनही येते.

शास्त्रज्ञांना हवे होते ते एकाच जातीचे, एकाच लक्ष्यावर जाणारे प्रतिपिंड. ती युक्ती केंब्रिजमध्ये १९७५ साली जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन या दोघांनी शोधली. प्रतिपिंड तयार करणारी पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी यांचा त्यांनी संकर केला. मग ती संकरित पेशी एकच प्रतिपिंड अखंड तयार करीत राहते. या शोधाचे पेटंट तेव्हा घेतले गेले नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याच वाटेने निघालेली औषधे मात्र पेटंटांच्या कुलपात गेली आणि महाग झाली. दोघांना १९८४ साली नील्स यर्न यांच्यासह नोबेल मिळाले. आज ही प्रतिपिंडे पूर्ण मानवी बनावटीची करता येतात. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी मोठ्या स्टीलच्या टाक्यांत वाढवतात आणि त्या हे औषध तयार करतात. आपल्या दूध शीतकरण केंद्रातल्या टाक्या डोळ्यांसमोर आणा, फक्त स्वच्छतेचा कडेकोट बंदोबस्त शंभरपट. आणि हे दूर परदेशातच चालते असे नाही. मंचरहून पुण्याला जाताना चाकण लागते. तेथील औद्योगिक वसाहतीत एन्झीन बायोसायन्सेस या कंपनीचा अशा जैव औषधांचा कारखाना आहे, आणि हाडांच्या झिजेवरच्या प्रतिपिंडाची भारतीय आवृत्ती तिने काढली आहे. आपली मुले त्याच वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला जातात. त्यांतली एखादी विज्ञान शिकून त्या टाक्यांपाशी गेली तर आम्हांला आनंद होईल.

हे प्रतिपिंड हाडात नेमके काय करते? १९९७-९८ च्या सुमारास अमेरिका आणि जपान येथील संशोधकांना असे आढळले की पोखरणाऱ्या पेशी आपोआप तयार होत नाहीत, त्यांना एक निरोप जावा लागतो. त्या निरोप्या रेणूला रँक-एल असे नाव आहे. शरीरात या निरोप्याला वाटेतच अडवणारा दुसरा नैसर्गिक पदार्थही असतो, परंतु पाळी गेल्यावर निरोपे फार आणि अडवणारे थोडे असे होते. तेव्हा निरोप्याला पकडणारे प्रतिपिंडच बाहेरून दिले तर? तेच डेनोसुमॅब. २०१० साली युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन, कातडीखाली, दर ६ महिन्यांनी एकदा.

त्याचा उपयोग किती, याचा हिशोब आम्ही मुद्दाम उतरवून आणला आहे, कारण जाहिरातीतले टक्के फसवे असतात. ६० ते ९० वयाच्या ७,८६८ स्त्रियांवर ३ वर्षे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नुसते बिनऔषधाचे इंजेक्शन दिले, त्यांच्यात हजारी ७२ बायकांचा नवा मणका मोडला. ज्यांना औषध दिले त्यांच्यात हजारी २३. खुब्याचे हाड पहिल्या गटात हजारी १२ जणींचे मोडले, दुसऱ्यात ७ जणींचे. म्हणजे मणक्यासाठी फायदा मोठा आणि खुब्यासाठी बेताचा, पण खराच. खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी कितीदा पुन्हा अंगणात चालताना दिसते, हे आपण आपापल्या गावात आठवून पाहावे.

दुसरे प्रतिपिंड आहे रोमोसोझुमॅब. त्याची कथा दक्षिण आफ्रिकेतून सुरू होते. तेथील डच वंशाच्या काही कुटुंबांत अशी माणसे जन्मत की ज्यांची हाडे अतिशय जाड आणि घट्ट. कवटीचे हाड वाढून मज्जातंतू दाबले जात, बहिरेपण येई, म्हणजे तोही रोगच. २००१ साली त्याच्या मुळाशी असलेला जनुकातला दोष सापडला. निरोगी शरीरात स्क्लेरोस्टिन नावाचा पदार्थ हाड भरण्याच्या कामाला ब्रेक लावतो, आणि या लोकांत तो ब्रेकच नव्हता. मग झिजलेल्या हाडाच्या माणसात हा ब्रेक थोडे दिवस सैल करावा, अशी कल्पना निघाली. हे औषध २०१९ साली जपानमध्ये आणि अमेरिकेत मान्य झाले. ते दर महिन्याला, असे १२ महिनेच देतात, आणि नंतर कमावलेले हाड टिकवायला दुसरे औषध द्यावेच लागते. ज्यांना गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला आहे, त्यांना ते देत नाहीत. आपल्याकडे हे अगदी थोड्यांच्या वाट्याला येते, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. कर्करोग हाडात उतरलेल्या रोग्यांनाही डेनोसुमॅबच देतात, पण तेथे मात्रा मोठी आणि महिन्यामहिन्याला. त्याचे नियम वेगळे, त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञाचेच ऐकावे.

आता ज्यासाठी आम्ही आज उभे राहिलो ते सांगतो.

आमच्या नात्यातल्या एक आत्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात राहतात. जन्मभर हिरडा गोळा केला, डोक्यावर मोळ्या वाहिल्या. मणका मोडला तेव्हा मुलाने त्यांना शहरात दाखवले. मुलगा कंपनीत ठेक्यावर होता, हातात पैसा होता. डॉक्टरांनी हे सहामाही इंजेक्शन सुरू केले. दोन झाली. आत्या सरळ चालू लागल्या, आम्ही सगळे खूश. मग मुलाचा ठेका संपला. तिसऱ्या इंजेक्शनची तारीख आली आणि गेली. आत्या म्हणाल्या, "आता बरी हाये मी, कशाला पैसं घालवायचं?" कोणालाच त्यात काही चुकीचे वाटले नाही, कारण एरवी औषध बंद केले तर माणूस फार तर पहिल्यासारखा होतो, असाच आपला अनुभव असतो. शेवटचे इंजेक्शन होऊन अकरा महिने झाले असतील. पाण्याची कळशी उचलताना पाठीत कट्‌ झाले. तपासले तर एक नव्हे, तीन मणके एकदम चेपलेले. नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं इंजेक्शन कधी झालं?" तारीख चुकवायची नाही, ही सूचना जुन्या कागदावर होती. इंग्रजीत, बारीक अक्षरात. तोंडी मात्र घरातल्या कोणाला ती सांगितली गेली नव्हती.

असे का होते? औषध चालू असते तेव्हा पोखरणाऱ्या पेशींना निरोप जात नाही, पण त्यांचा कच्चा माल तयारच असतो, साचत जातो. चार दिवसांच्या जोडसुट्टीनंतर शाखेचे शटर वर केले की काउंटरवर जी झुंबड उडते, ती आम्ही दरवर्षी पाहतो. तसेच येथे घडते. इंजेक्शनचा अंमल संपला की साचलेल्या पेशी एकदम कामाला लागतात आणि कमावलेली शिल्लक वर्ष-दोन वर्षांत काढून नेतात. काही जणींत तर एकापाठोपाठ एक मणके मोडतात. हा धोका २०१६-१७ पासून वैद्यकीय मासिकांत स्पष्टपणे मांडला गेला आहे. म्हणून तारखेला महिन्याहून अधिक उशीर होऊ देऊ नये, आणि हे औषध बंदच करायचे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या जागी दुसरे औषध सुरू करावे, असे तज्ज्ञ सांगतात.

ते दुसरे औषध म्हणजे पुष्कळदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. किंवा अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी; अ‍ॅलेंड्रोनेट हे औषध १९९५ पासून वापरात आहे. ही जुनी औषधे प्रतिपिंडे नव्हेत, पण ती हाडाला चिकटून बसतात, आणि बंद केली तरी काही काळ अंमल राहतो. शिवाय ती खूपच स्वस्त आहेत. आमचे स्पष्ट मत असे की ज्या घरात पुढच्या सहामाहीच्या पैशाची, सोबतीची आणि एस.टी.ची खात्री नाही, त्या घराने पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे : "साहेब, आमच्याने दर सहा महिन्यांनी जमेलच असं नाही, तर वर्षाचं सलाईन चालेल का?" हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही. मूत्रपिंड बिघडले असेल तर जुनी औषधे चालत नाहीत आणि डेनोसुमॅबचा विचार करावा लागतो. पण तेथेही जपून. डायलिसिसवरील रोग्यांत या इंजेक्शनाने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये चौकटीतली ठळक ताकीद दिली आहे.

इंजेक्शनाआधी रक्तातले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. आपल्याकडे ऊन इतके, तरी ड जीवनसत्त्वाची उणीव सर्रास सापडते. इंजेक्शनानंतर ओठांभोवती, बोटांना मुंग्या आल्या किंवा पेटके आले तर दवाखाना गाठावा. दात आधी दाखवून घ्यावेत, कारण क्वचित का होईना, औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचे हाड भरून येत नाही. आपल्या बायकांत मिश्री लावण्याची सवय आहे आणि हिरड्या आधीच सडलेल्या असतात, हे कटू असले तरी सांगितलेच पाहिजे. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. पुण्यातून विकत घेऊन पिशवीत टाकून आहुप्याच्या एस.टी.त बसू नये. बर्फाच्या पाकिटासह डब्यात आणावे, पण गोठू देऊ नये, आणि ज्या दवाखान्यात टोचायचे तेथे आधी बोलून ठेवावे. घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. कोणत्या शासकीय योजनेत काय बसते ते वेळोवेळी बदलते, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला प्रत्यक्ष विचारावे.

शिबिरांबद्दल एक शब्द. टाच मशीनमध्ये ठेवून दोन मिनिटांत "तुमची हाडे ठिसूळ" अशी चिठ्ठी देणारी शिबिरे आपल्याकडेही होतात. ती चाळणी आहे, निदान नव्हे. निदानासाठी कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी लागते. तीत उणे अडीच किंवा त्याखाली आकडा आला तर रोग समजतात, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवली. मात्र साध्या घसरण्याने ज्या बाईचा मणका किंवा खुबा मोडला, तिचा रोग मोडलेल्या हाडानेच सांगितलेला असतो. आकड्याची वाट पाहत तिचा इलाज अडवून ठेवू नये.

येथे बसलेल्या तरुण मुलींना वाटेल की हे सगळे आजीचे. तसे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरच्या परिसरातील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास १९९३-९४ पासून चालवला. ती आपल्यासारखीच कोरडवाहू शेतीची, कष्टकरी बायकांची गावे. त्या स्त्रियांची मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची हाडे मोजली. ज्या आयांनी गरोदरपणी दूध, डाळी, हिरव्या पालेभाज्या, मांसमासळी, फळे असे कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार खाल्ले होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक घट्ट निघाली. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे नातवाच्या खात्यातली पहिली जमा सुनेच्या ताटातून पडते. आणि सून आपल्याकडे सर्वांत शेवटी जेवते!

डोंगरपट्ट्यात पिकणाऱ्या नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गरिबाची भाकरी म्हणून आपण ती सोडली आणि शहरातले लोक ती पुड्यात घालून महाग विकत घेऊ लागले. सुकट, काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी, तीळ, शेवग्याचा पाला, हे सर्व आपल्याच घरचे. अर्थात ज्या बाईचा मणका मोडला आहे तिला नाचणीवर ठेवून औषध टाळणे हाही अन्यायच. आणि न्हाणीतले शेवाळ खरवडा, गोठ्यात जाताना म्हातारीच्या हाती काठी आणि बॅटरी द्या. पडलीच नाही तर मोडणार कसे?

शेवटी कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. बँकेत आम्ही मुदतीच्या तारखांची डायरी ठेवतो. कोणाची पावती कधी पिकते, कोणाचा हप्ता कधी आहे, ते रोज सकाळी उघडून पाहतो. तशीच एक वही विहारात ठेवू. ज्यांचे सहामाही इंजेक्शन चालू आहे त्यांचे नाव, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांचा फोन, आणि न्यायला घरचे कोणी नसेल तर सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव. पुढच्या तारखेच्या एक महिना आधी घरी निरोप जाईल. पैशाची अडचण असेल तर तीही त्याच महिन्यात कळेल, तारीख उलटल्यावर नव्हे. वही लिहिण्याचे काम आम्ही करू. घरोघर जाण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थी-विद्यार्थिनी पाहिजेत, त्यांनी सभेनंतर नावे द्यावीत. ज्यांच्या घरी असे रुग्ण आहेत, त्यांनी येत्या पौर्णिमेला जुनी फाईल, डिस्चार्ज कार्ड आणि इंजेक्शनचे रिकामे खोके असेल तर तेही घेऊन यावे. खोक्यावर औषधाचे नाव आणि मात्रा असते, ती पाहून ६० चे आहे की कर्करोगाचे १२० चे, हे वहीत नीट लिहिता येईल. आत्यांचे नाव पहिल्या पानावर आम्ही लिहून ठेवले आहे. त्यांना आता वर्षाचे सलाईन चालू आहे, पुढची तारीख मार्चमध्ये.

जयभीम.